उचंत खात्यातले सात हप्ते

"राहू दे उचंतात. मालक येईल शोधत." असं म्हणून आमचे हेडक्लार्क भाऊ चष्मा कपाळावर चढवायचे आणि चहाकडे वळायचे. तुमच्याही ऑफिसात असा एखादा निवांत माणूस असेल. आमच्या परळच्या पतपेढीत ते होते.

मी नवीन लागले तेव्हा उचंत म्हणजे काय, हे त्यांनीच शिकवलं. पैसे आलेत, पण कोणाचे ते कळत नाही; हिशोब तर जुळायला हवा. मग ती रक्कम उचंत खात्याला जमा करायची आणि धनी सापडला की त्याच्या खात्यावर वळवायची. "तात्पुरतं हं," ते बजावायचे. स्वतः मात्र शोधायला कधी उठायचे नाहीत. कोणाची विसरलेली छत्रीसुद्धा कपाटाला अडकवून म्हणायचे, "उचंतात!" आणि खरंच, कोणी ना कोणी यायचंच.

एका वर्षी बँकेतल्या आमच्या खात्यावर दर महिन्याला साडेतीन हजार रोख जमा व्हायला लागले. सभासदाचं नाव नाही, नंबर नाही. असे सात हप्ते उचंतात पडले.

त्याच महिन्यांत वरळीच्या बीडीडी चाळीत एका वारलेल्या सभासदाच्या बायकोला त्याच्या कर्जाच्या थकबाकीच्या तीन नोटिसा गेल्या. तिन्हींवर सही भाऊंची.

मग एका दुपारी करी रोडहून एक म्हातारे गृहस्थ आले. त्या सभासदाचे वडील. पिशवीतून काढून त्यांनी टेबलावर सात पावत्या मांडल्या. नातीला भेटायला गेले होते, तर दाराला कुलूप. शेजारणीने नोटिसा हातात दिल्या. कर्जाचे जामीनदार रोज दारात येऊन बोलायला लागले, तेव्हा सासऱ्यांनीही हात वर केले असं समजून सून मुलीला घेऊन कुडाळला निघून गेली होती.

भाऊंनी एकेक पावती पाहिली. नावाची जागा कोरी.

"काका, नाव का नाही लिहिलंत?"

"गेलल्या झिलाचा नाव लिवूक हात उठना नाय."

"आणि सुनेला सांगितलं नाहीत?"

"तिच्या डोक्याक आणखी ताप कित्याक, म्हटलंय."

भाऊ उठले आणि सगळ्यांसमोर त्यांच्या पायाशी वाकले. मी त्यांना इतक्या चटकन उठताना कधी पाहिलं नव्हतं.

सातही हप्ते त्याच दिवशी मुलाच्या खात्यावर वळवले. दंडव्याज माफ व्हावं म्हणून भाऊ सचिवांशी भांडले. सुनेचा फोन बंद होता, म्हणून त्यांनी कुडाळला पत्र लिहिलं: चूक तुमच्या सासऱ्यांची नाही, माझी आहे. उत्तर नाही. दुसरं लिहिलं, तिसरं लिहिलं. "राहू दे उचंतात" हे पुन्हा त्यांच्या तोंडून ऐकू आलं नाही. बिननावी रक्कम दिसली की स्वतः बँकेत जाऊन पावत्या चाळत बसायचे. आम्ही चहाला हाक मारायचो, ते यायचे नाहीत.

निवृत्तीनंतर वर्षभरात आजाराने त्यांना झोपवलं. मी शेवटचं भेटायला गेले तेव्हा मला ओळखून त्यांनी हळूच विचारलं, "कुडाळचं काही आलं?"

आलं नव्हतं.

"आलं, भाऊ," मी म्हणाले. "सुनेचं पत्र आलंय. मुलगी तिथल्या शाळेत रमलीय म्हणते."

"अक्षर कसं आहे गं तिचं?"

"छान आहे. वळणदार."

त्यांनी मान हलवली आणि भिंतीकडे कूस वळवली.