रिकामा रकाना

समोर कोणी उभं राहिलं की तो मान वर न करता तळहात उभा धरायचा. "नाव नको. नंबर सांगा." तुमच्याही ऑफिसात असा एखादा असेल. आमच्या पावणे इथल्या कारखान्यात तो होता, आणि मला तो पहिल्या दिवसापासून डोळ्यांसमोर नको असायचा.

कामगारांची माहिती कॉम्प्युटरवर आणायला त्याला घेतलं होतं. तोवर एकाच माणसाचा पत्ता पगाराच्या वहीत एक, कँटीनच्या वहीत दुसरा. याने प्रत्येकाला नंबर दिला. नाव-पत्ता एकाच तक्त्यात. पगार, रजा, कँटीनच्या तक्त्यांत फक्त तो नंबर. पत्ता एका जागी बदलला की सगळीकडे नवा दिसायचा. काम चोख. पण एकाच नावाचे दोन फिटर आमची गल्लत होईल अशी तक्रार घेऊन गेले, तर म्हणाला, तुमच्या नावांचा मला काही उपयोग नाही.

माझी माहिती भरताना त्याने नवऱ्याचं नाव विचारलं. नवरा मला टाकून सीवूड्सला दुसरीबरोबर राहत होता. ते सोडा, म्हटलं. रकाना रिकामा राहिला तर नोंद सेव्ह होत नाही, तो म्हणाला. मी चिडून म्हटलं, मग वारला लिहा.

"दाखला आणा."

मागे कोणीतरी हसलं. त्यानंतर कित्येक महिने मी त्याच्याशी बोलले नाही. टेबलावर कागद टाकायचे आणि निघायचे.

एकदा मी रजेवर असताना नवरा कारखान्यात आला. मी जुईनगरला खोली घेतल्याचं त्याला कळलं होतं. पत्ता हवा होता. मॅनेजरने त्याला याच्याकडे पाठवलं, बायकोचा पत्ता मागतोय, देऊन टाक म्हणून. याने स्क्रीन पाहिली.

"या बाईंच्या नोंदीत नवरा नाही. तुम्ही कोण, मला माहीत नाही."

मॅनेजरने आरडाओरडा केला, तरी पत्ता दिला नाही. मला हे दुसऱ्या दिवशी रिसेप्शनवरच्या मुलीने सांगितलं.

मी आभार मानायला गेले. पुन्हा तोच तळहात.

"तुमच्यासाठी नाही केलं. नाव माहीत नसणं वेगळं, नवरा नसणं वेगळं. माझा तक्ता चुकला होता, तो तुमची माहिती भरली त्याच दिवशी दुरुस्त केला आणि तुमच्यापुढे 'नवरा नाही' लिहिलं."

मग मला सांगायचं ना, मी म्हटलं. तुम्ही बोलत नव्हता, तो म्हणाला.

महिनाअखेरीला मॅनेजरने त्याला काढून टाकलं. निरोपाला कोणी थांबलं नाही. मी पेढे नेले. गोड खात नाही, म्हणाला, आणि वायर गुंडाळत राहिला. मला तो माणूस शेवटपर्यंत आवडला नाही.

पेढे घरी आणून शेजारणीला दिले. कसले, तिने विचारलं.