ग्रंथालयाची कोरी भिंत

सोनाजी सर भांडत नाहीत, लक्षात ठेवतात, असे पुंडलिकनगरात आमच्या गल्लीत म्हणत. समोरच्या लक्ष्मीबाई त्यात भर घालत, "मेंढराच्या कानाची खूण वीस वर्षांनीबी वळखणाऱ्या घरातलं माणूस हाय ते."

सरांचे वडील मुंजाबा लासूर स्टेशनच्या बाजूला मेंढरे राखत. घरात शिकलेले सर एकटेच. राज्यशास्त्रात एम.ए. करून ते शहरातल्या एका महाविद्यालयात लागले आणि काही वर्षांत विभागप्रमुख झाले. हौसेने विभागाच्या दारावर नावाची पितळी पाटी लावली. ती पाहायला मुंजाबा मुद्दाम आले. वाचता येत नव्हते. अक्षरांवरून बोट फिरवून परत गेले.

१९७८ साली विधिमंडळाने विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव केला आणि मराठवाडा पेटला. दलितांच्या वस्त्या जळत असताना सरांनी नामांतराच्या बाजूच्या पत्रकावर सही केली. संस्थेचे अध्यक्ष तात्यासाहेब मोठे जमीनदार आणि मुरलेले वकील. आठवड्याभरात त्यांनी ठराव करून घेतला की आवारात कोणत्याही व्यक्तीच्या नावाची पाटी असू नये. पुढे कोणी तो सहज मोडू नये म्हणून शेवटचे कलम त्यांनी स्वतः घातले: रद्द करायचा झाल्यास, मुळात तो कोणत्या कारणाने केला ते अध्यक्षांनी स्वहस्ते नोंदवावे.

आवारात नावाची पाटी एकच होती. शिपाई स्क्रू काढत असताना तात्यासाहेब सर्वांदेखत म्हणाले, "मेंढरं काय पाटी वाचून मागं येतात का, सर?" प्राध्यापक हसले. सरांनी पाटी पिशवीत घातली.

पुढच्या वर्षी मुंजाबा पुन्हा आले. त्यांचे बोट दाराच्या चार छिद्रांवरून फिरले. महाविद्यालयातला तो त्यांचा शेवटचा फेरा.

विभागप्रमुखपद गेले. सकाळी सातचा, कोणी न बसणारा वर्ग सरांच्या वाट्याला आला. पण चिकलठाण्यापाठोपाठ वाळूजला कारखाने उभे राहिले आणि तिसरी पाळी संपवून निळ्या गणवेशातली पोरे थेट त्या वर्गात येऊ लागली. त्यांना सर सभेचे नियम शिकवत. आवाज चढवण्याआधी कागद वाचा, असे सांगत. दरम्यान त्यांनी पीएच.डी. केली. ज्येष्ठता कोणाला डावलता आली नाही. १९९३ साली ते प्राचार्य झाले. दारावर नाव लावले नाही. आम्ही त्याला नम्रता समजलो.

दोन वर्षांनी नवे ग्रंथालय बांधून झाले. तात्यासाहेबांना त्याला आपल्या वडिलांचे नाव द्यायचे होते. संगमरवरी फरशी कोरून तयार होती. सभेत विषय निघाला तेव्हा पदसिद्ध सचिव म्हणून सरांनी इतिवृत्ताची जुनी वही उघडली आणि तो ठराव वाचला. शेवटचे कलम दोनदा वाचले. मग वही तात्यासाहेबांपुढे सरकवली.

लिहायची होती एकच ओळ. सोनाजीची पाटी काढण्यासाठी ठराव केला, एवढीच. तात्यासाहेबांनी तारीख घातली. मग पेनाला टोपण लावले. फरशी ग्रंथालयाच्या पायरीशी गोणपाटात गुंडाळलेली राहिली.

१९९७ मध्ये तात्यासाहेबांनी अंथरूण धरले. त्यांच्या पत्नी आवडाबाई सरांच्या घरी आल्या, तेव्हा मी आणि लक्ष्मीबाई तिथेच होतो. डोळे उघडे आहेत तोवर फरशी बसवा, एवढेच त्या म्हणाल्या. लक्ष्मीबाईंनीही सरांना विनवले, की आता सोडून द्या, माणूस जायला टेकला आहे.

सर आत गेले. पितळी पाटी आणून त्यांनी चहाच्या कपाशेजारी ठेवली. इतकी वर्षे ती घासूनपुसून लखलखीत राखलेली होती. वर्गात शुद्ध बोलणारे सर त्या दिवशी माळावरच्या बोलीत बोलले.

"आवडाबाई, माझ्या बापाला वाचता येत नव्हतं. तुमच्या मालकांना लिहिता येतंय. तारीख घातलीच हाय, फुडची ओळ लिहा म्हणावं. नाय लिहिली, तर भिंत कोरीच राहील."