घोरणं थांबल्यावर

आमच्या घरात घोरणं ही चेष्टेची गोष्ट होती, आजार नव्हे. बाबा नागपूरला विजेच्या खात्यात होते. शेजारचे काका सकाळी दारात उभे राहून "रात्री ट्रक चांगला चालला" असं म्हणायचे आणि सगळ्यांत आधी बाबाच हसायचे. त्यांना कुठेही झोप लागायची. खुर्चीत, बसमध्ये, लग्नाच्या मांडवात, एकदा तर स्वतःच्याच सत्काराच्या सभेत. आईला त्याचा अभिमान होता. "मन साफ आहे, म्हणून पडल्या पडल्या झोपतात," असं ती आल्या-गेल्याला सांगायची.

मी त्यांच्यावर गेले. बाईमाणूस असून घोरते हे सासरी कळू नये, म्हणून लग्नानंतरचे पहिले काही महिने मी एका कुशीवर पडून जवळजवळ जागीच असायचे. नवरा भला निघाला, पण भल्या माणसानेही किती सोसावं? इथे अमेरिकेत, नोव्हायला घर घेतल्यावर तो हळूच गेस्ट रूममध्ये झोपायला लागला. सकाळी लवकर मीटिंग असते, हे कारण त्याने दिलं आणि मी ते आनंदाने घेतलं. वर्षानुवर्षं रोज कुणाची मीटिंग असते?

मी गाड्यांच्या ब्रेकवर काम करते. गाडी वेळेवर थांबावी यासाठी मला पगार मिळतो. अशी मी एकदा ऑफिसातून परत येताना लाल दिव्यापाशी ब्रेकवर पाय ठेवून चक्क झोपले. मागच्याने हॉर्न दाबून धरला तेव्हा जाग आली. घरी कुणाला सांगितलं नाही. चहा वाढवला.

महिन्यातून एका रविवारी इथल्या आम्हा मराठी बौद्ध कुटुंबांपैकी कुणाच्या तरी बेसमेंटमध्ये बुद्धवंदना होते. त्रिशरण, पंचशील, आणि मग थोडा वेळ आनापान. म्हणजे डोळे मिटून बसायचं आणि आपला श्वास येतो-जातो तो नुसता पाहायचा, त्यात ढवळाढवळ करायची नाही. त्या रविवारी मी श्वास पाहता पाहता झोपले आणि घोरले. डोळे उघडले तर सगळी मंडळी अतिशय सभ्यपणे डोळे मिटून बसलेली. फक्त शेजारची डॉक्टर मुलगी माझ्याकडे टक लावून बघत होती. चहाच्या वेळी तिने मला बाजूला घेतलं.

"काकू, तुम्ही नुसत्या स्नोअर करत नव्हता. मध्ये मध्ये तुमचा ब्रीद स्टॉप होत होता. प्लीज, स्लीप टेस्ट करून घ्या."

मला तिचा भयंकर राग आला. पण लाल दिवा आठवला आणि मी टेस्ट करून घेतली.

झोपेच्या डॉक्टरीणबाई शांत होत्या. त्यांनी समजावून सांगितलं की झोपेत माझा घसा मिटतो, श्वास अडतो, मग मेंदू मला ढोसून जागं करतो, श्वास सुरू होतो आणि हे रात्रभर चालतं. हृदयावर ताण येतो तो वेगळाच. मग त्यांनी विचारलं, घरात झोपेत कुणी गेलंय का?

"हो, माझे वडील," मी म्हटलं. "फार शांत मरण आलं." हे वाक्य आमच्याकडे इतक्यांदा म्हटलं गेलंय, की ते माझ्या तोंडून कौतुकानेच बाहेर पडलं. बाबा गेले तेव्हा सांत्वनाला आलेला प्रत्येकजण हेच म्हणाला होता. त्रास नाही, दवाखाना नाही, कुणाला उठवलंसुद्धा नाही.

बाईंचे हात कीबोर्डवर थांबले. "ते घोरायचे का?"

मी सवयीने हसले आणि मग माझं हसू जागच्या जागी संपलं. इतक्या वर्षांनी नक्की काही सांगता येणार नाही, असं त्या म्हणाल्या. त्यांनी ते प्रामाणिकपणे म्हटलं होतं, पण मला जे कळायचं ते कळलं होतं.

त्यांनी लिहून दिलेलं मशीन आलं त्याच आठवड्यात आई नागपूरहून आली. सहा महिन्यांसाठी. मशीन म्हणजे उशाशी ठेवायचा एक डबा, त्यातून निघालेली लांब नळी, नाकातोंडावर बसणारा मास्क आणि डोक्यामागून आवळायचे पट्टे. डबा हवेचा झोत आत ढकलत राहतो, म्हणजे घसा मिटत नाही. ऐकायला सोपं आहे. प्रत्यक्षात पहिल्या रात्री मला वाटलं की कुणीतरी उशी दाबून धरलीय. श्वास सोडायला गेलं की समोरून हवा अंगावर येते, बोलायला तोंड उघडलं तर शब्दच परत घशात जातात. मी मास्क ओरबाडून काढला आणि पलंगावर बसून रडले. नंतरच्या रात्रीही काही वेगळ्या नव्हत्या. तोंडाला कोरड, नाकावर लाल वळ, गालांवर पट्ट्यांचे असे ठसे की ऑफिसात जेवणाच्या सुट्टीपर्यंत जायचे नाहीत. शिवाय डब्यात ओतायला खास शुद्ध केलेलं पाणी आणा, नळी धुवा, वाळत घाला. वर तो डबा माझी चुगली थेट कंपनीकडे करतो. मी तो वापरते की नाही हे त्यांना तिकडे बसून दिसतं आणि नाही वापरला तर इन्शुरन्स हात वर करतो. झोपण्यावरही पहारा बसला होता.

आईने तो मास्क पाहिला आणि तिचा चेहरा उतरला. "हे तर मरायला टेकलेल्या माणसाला लावतात."

"सायनसचं मशीन आहे आई," मी म्हटलं.

दुसरं काय सांगणार होते? बाबांच्या आठवणीतला जो भाग तिला आधार द्यायचा, तो एवढाच होता, की त्यांना काही त्रास झाला नाही. माझा आजार काय आहे हे सांगितलं असतं, तर घोरणं, श्वास अडणं, हृदय, असं करत करत ती आपोआप बाबांपाशी पोचली असती. माझी आई भोळी आहे, पण मंद नाही. तिचं ते समाधान हिरावून घ्यायची माझी हिंमत नव्हती.

आणि खरं कारण माहीत नसल्यामुळे ती मशीनच्या मागेच लागली. "काढ बाई ते. तुझे बाबा जन्मभर घोरले, त्यांना लागलं का मशीन? घोरतो तो माणूस गाढ झोपतो." नवरा तिला समजावायला गेला, तर मी डोळ्यांनी त्याला गप्प केलं. तिचं ऐकणं मला सोयीचंही होतं, हे कबूल करायला हवं. मी एक दिवसाआड मास्क बाजूला ठेवायला लागले, मग रोजच.

शनिवारची दुपार होती. जेवण झालं होतं. आई सोफ्याच्या दुसऱ्या टोकाला मेथी निवडत बसली होती, नवरा ड्राइव्हवेवर गाडी धूत होता. माझा डोळा लागला. जाग आली ती कुणीतरी खांदे धरून गदागदा हलवल्यामुळे. मेथी सगळ्या कार्पेटवर सांडली होती आणि आईचा चेहरा माझ्या चेहऱ्यावर ओणवा झाला होता. मी तिला कधीच इतकं घाबरलेलं पाहिलं नव्हतं, बाबा गेले तेव्हाही नाही.

"काय झालं? काय करून राहिली तू?" मी विचारलं. तिच्याशी बोलताना मी अजून नागपूरचीच होते.

"श्वास बंद झाला होता तुझा."

"काही नाही गं. होतं तसं."

"माहीत आहे होतं ते." ती सोफ्यावर बसली. तिच्या हाताला मेथीचा हिरवा डाग होता, तो ती पुसत राहिली. "त्यांचाही व्हायचा. घोरता घोरता एकदम गप्प. मी कोपर मारायची, मग श्वास यायचा. रोजचंच होतं. झोपेतच मारायची मी कोपर."

मी उठून तिच्याजवळ सरकले.

"ते गेले त्या दिवशी दीक्षाभूमीवर आलेल्या लोकांसाठी जेवणाचा स्टॉल लावला होता ना त्यांनी. दिवसभर उन्हात उभं राहून वाढलं. घरी आले तर पाय सुजलेले. घोरायला लागले आणि मग गप्प झाले. मी जागी होती. कोपर उचललं होतं मी." ती डाग पुसायची थांबली. "म्हटलं, दमले आहेत. आज नको उठवायला. झोपू दे."

मी तिला म्हटलं की तुला काय माहीत असणार, डॉक्टरांनाही तेव्हा ठाऊक नसायचं, आणि हलवलं असतं तरी काही झालं नसतं. शेवटचं मला स्वतःलाच पटलेलं नव्हतं.

"हलवलं की श्वास यायचा," आई म्हणाली. "एवढं माहीत होतं मला."

म्हणजे जे मी तिच्यापासून लपवत होते, ते ती इतकी वर्षं एकटी सांभाळून बसली होती. आलेला प्रत्येकजण शांत मरण, शांत मरण म्हणत होता आणि ती मान डोलावत होती. मी तिच्या मांडीवर डोकं ठेवलं. तिने माझ्या केसांतून हात फिरवला नाही. ती उठली, वरच्या खोलीत गेली आणि मशीन, नळी, मास्क, सगळं छातीशी धरून खाली घेऊन आली. "लाव," एवढंच म्हणाली.

आता मी लावते. सवय झाली आहे असं नाही. अजूनही मास्क चढवला की तो ओरबाडून काढावासा वाटतो, पण आई दारात उभी असते. पट्टे बसले, झोत सुरू झाला, की ती तिच्या खोलीत जाते. डॉक्टरीणबाई आकडे बघून खूश आहेत आणि मी लाल दिव्यापाशी जागी असते. सकाळी आईचे डोळे मात्र सुजलेले दिसतात. माझ्या खोलीतून घोरणं ऐकू येत नाही, म्हणून तिला झोप लागत नाही.

ऑक्टोबरमध्ये धम्मचक्र प्रवर्तन दिनाला आम्ही सगळे, मी घोरले होते त्याच बेसमेंटमध्ये जमलो. बाबांचा स्मृतिदिनही तेव्हाच येतो, म्हणून वंदनेनंतर त्यांच्यासाठी सगळे थोडा वेळ शांत उभे राहिले. जेवण वाढायला आई स्वतःहून पुढे झाली. तिच्यासमोर ताट घेऊन उभ्या असलेल्या काकू मूळच्या नागपूरच्याच.

"लोकांना जेवू घालून आले आणि झोपेतच गेले ना?" काकू म्हणाल्या. "तुम्हालाही कळलं नसेल."

"मी बाजूलाच होती," आई म्हणाली.

काकूंचे डोळे भरून आले. "असं जवळ आपलं माणूस असताना जायला भाग्य लागतं हो."

आईने मान डोलावली आणि त्यांच्या ताटात भात वाढला.