आइसलँडचं गवत
आंब्याची पेटी उघडली की मला आंब्याआधी पेंढ्याचा वास येतो आणि मुळशीच्या घरी ओसरीवर लॅपटॉपसमोर बसलेले वडील आठवतात. तेव्हा दोन दिवसांनी मी बंगळूरला नोकरीवर रुजू व्हायला निघणार होते, आणि जायचं ठरल्यापासून ते माझ्याशी कामापुरतंच बोलत होते. काहीतरी विषय निघावा म्हणून मी माझ्या आवडीचा, आइसलँडचा एक चित्रपट लावला. डोंगर, धुकं, मेंढ्या आणि शेत सोडून शहराकडे निघालेली एक मुलगी. खालच्या इंग्रजी ओळी वाचून मी गोष्ट सांगत होते. मेंढ्यांसाठी गवत साठवायची त्या लोकांची घाई बघून वडील म्हणाले, "तितं बर्फ, हितं पाऊस. जनावराला कोरडं लागतंयच की." शेवटी मुलगी बसमध्ये चढते, आणि बाप पाठमोरा उभा राहून दाताळ्याने गवत उचलत राहतो. मी चिडले. "आबा, निदान मान तरी वर करायची ना त्यानं!" वडील म्हणाले, "त्यानं बगितलं असतं तर तिचा पाय निगाला असता व्हय?" मी निघाले त्या सकाळी वडील गोठ्याच्या माळ्यावर पेंढ्या रचत होते. मी "येते" म्हटलं, ते "हां, नीट जा" म्हणाले, पण वळले नाहीत. परवा तो चित्रपट पुन्हा पाहिला, तेव्हा दिसलं की त्या बापाच्या दाताळ्यावर गवतच नाही, तो नुसतेच हात हलवतोय. वडिलांच्या हातात पेंढी होती का, ते मी तेव्हा बघितलंच नाही.