काचेवरचं नाव

आमच्या भाजीच्या पिकअपच्या काचेवर थोरल्या भावाच्या दोन्ही मुलांची नावं आहेत, माझ्या मुलीचं नव्हतं. "पोरगी काय, उद्या सासरी जाईल," असं भाऊ तेव्हा म्हणाला होता. पिकअप तर आम्ही दोघांनी मिळून घेतलेली. ते मी कधी विसरलो नाही.

यंदा मी दुसरी गाडी घेतली, नाशिकच्या एका डॉक्टरांची जुनी, लाल, दोनच सीटची स्पोर्ट्स कार. भाव जुळेना म्हणून मी दोनदा तणतणत फाटकाबाहेर पडलो आणि दोन्ही वेळा डॉक्टरांनीच मागे बोलावलं. तिथून थेट रेडियमची नावं कापून देणाऱ्याकडे गेलो आणि गाडीच्या मागच्या काचेवर, नुकतंच लायसन्स मिळालेल्या माझ्या मुलीचं नाव वीतभर अक्षरांत लावून घेतलं.

घरी भाऊ गाडीभोवती फिरला. "लय खाली हाय रे! एक चक्कर मारू ना?"

"आधी पिकअपवर पोरीचं नाव, दादा. मग चक्कर."

"कुठवर नेशील?"

"सिन्नर."

"सिन्नरला मी रोजच जातो. घोटीपर्यंत न्यायचं, वर मिसळ."

"मिसळीचे पैसे तुझे."

दुसऱ्या दिवशी पिकअपवर तिसरं नाव लागलं, पहिल्या दोन्हींपेक्षा मोठं. एवढ्या बुटक्या गाडीत भावाला कोंबताना मी आणि मुलगी हसून हसून बेजार झालो. त्याला वाटलं, चालवणार मी. मी किल्ली मुलीच्या हातात दिली.