पोळ्याच्या दिवशी प्रकाशन

पोळ्याच्या दिवशी परतूरच्या स्टेशनासमोर मी मांडव घातला, पाच सतरंज्या अंथरल्या, आणि दुपारचे बारा वाजेपर्यंत त्यांवर दोनच माणसं बसली होती. एक पुस्तकाचे लेखक, दुसरा मी.

दुष्काळ सरून तिसरं वर्ष चालू होतं. मी जालन्यातल्या एका छापखान्याचा सेल्समन होतो. आमचे शेठ पुस्तकंही काढायचे, ती खपवणं माझ्याकडे. माझी एक युक्ती होती, तिला मी ‘सणाला बांधणं’ म्हणायचो. म्हणजे गणपतीच्या तोंडावर आरतीसंग्रह, चौदा एप्रिलला भीमगीतांची पुस्तिका. दोन-चार वेळा ती चालली आणि माझ्या डोक्यात हवा गेली.

हे पुस्तक बैलांच्या दुखण्यांवरचं होतं. लिहिणारे साळवे परतूरच्या जनावरांच्या दवाखान्यात स्टॉकमन होते. स्टॉकमन म्हणजे डॉक्टरच्या हाताखालचा, सायकलवर गावोगाव फिरून औषधपाणी करणारा माणूस. शेतकरी मात्र त्यांनाच डॉक्टर म्हणायचे. पंधरा वर्षांच्या टिपणवह्यांतून त्यांनी हे पुस्तक उभं केलं होतं, आणि सहा महिने झाले तरी ते हलत नव्हतं. शेवटी शेठनी मला बजावलं, "कॅलेंडरचा कागद येऊन राह्यला. पोळ्यानंतर गोदाम खाली पाहिजे. न्हाई खपली तर सगळी रद्दीत."

मी म्हटलं, बैलांचं पुस्तक, बैलांचा सण, आणखी काय पाहिजे? राहून गेलेल्या प्रकाशनाची हँडबिलं छापली आणि परतूर गाठलं. साळव्यांची पंधरा वर्षं रद्दीत जाणार की राहणार, हे त्या एका दिवसावर आलं होतं.

तेवढ्यात जवळच्या खेड्यातले एक म्हातारे शेतकरी पायी पायी आले. शिंगांचे गोंडे घ्यायचे राहून गेले होते म्हणून. साळवे त्यांना तात्या म्हणत. रिकाम्या सतरंज्या बघून तात्यांनी आधी हँडबिल मागितलं, मग मला समोर बसवलं.

"आज बैलाच्या खांद्यावर जू ठेवत न्हाईत. गाडीच जुंपायची न्हाई, तर खेड्यातून माणूस येईल कशानं? अन् आलाच, तर बैल धुवायचे कुणी?"

मी जालना शहरातला, मस्तगडातल्या शिंप्याच्या घरात वाढलेला. मला पोळा माहीत तो मातीच्या बैलांचा. बैलांचं पुस्तक विकायला निघालो होतो आणि बैलांना त्या दिवशी सुट्टी असते हेच मला ठाऊक नव्हतं. मी साळव्यांना विचारलं, तुम्ही बोलला का नाहीत? ते खाली बघत म्हणाले, "हँडबिलं छापूनच आल्ते तुम्ही. एवढी हौस बघून मंग माझ्यानं बोलवेना." मला राग आला नाही, लाज वाटली.

तात्यांनीच वाट काढली. संध्याकाळी त्यांच्या गावात सगळे बैल वेशीत, मारुतीपुढे येतात. तिथे बैलांचं लग्न लावतात. मानाची जोडी येईपर्यंत अख्खं गाव तासभर तिष्ठत असतं. पुस्तकं घेऊन तिथे चला, असं त्यांचं म्हणणं.

साळवे उठेनात. "तात्या, गोठ्यात येणं येगळं. पोळ्याला वेशीत आमची माणसं कधी उभी राह्यली न्हाईत."

साळवे बौद्ध होते. युक्ती माझी, पण अपमान झाला असता तर त्यांचा.

तात्यांनी टोपी काढून डोकं खाजवलं. "दुष्काळात माझी जोडी खाली बसली, तवा तीन दिवस तुम्ही माझ्या गोठ्यात व्हते. आज माझ्या बैलापाशी उभं राहायचं. कुणाला बोलायचं आसंल तर मला बोलंल."

गाडी मिळणार नव्हतीच. दोन गठ्ठे साळव्यांच्या सायकलला बांधले आणि आम्ही तिघं दोन कोस चालत गेलो.

वेशीत आम्ही शिरल्यावर काही जण बाजूला सरकले, ते मी पाहिलं. साळव्यांनीही पाहिलं. ते तात्यांच्या बैलाला हात लावून उभे राहिले. मी भाषण पाठ करून आलो होतो, त्याची गरज पडली नाही. आदल्या दिवशी खांदेमळणी झाली होती, म्हणजे बैलांचे खांदे धुऊन हळद-लोणी चोळतात ती. त्यामुळे जुवानं सोललेला, सुजलेला खांदा ज्यानंत्यानं कालच बघितला होता. एकानं झूल वर केली आणि म्हणाला, डॉक्टर, हे जरा बघा. साळव्यांनी सूज दाबून पाहिली, उपाय सांगितला आणि पुस्तकातला तिसरा धडा उघडून दाखवला. मग दुसरा आला, तिसरा आला. वाचता न येणाऱ्यांनीही घरात शिकलेल्या सुनेसाठी प्रत घेतली. बाजूला सरकलेले सगळ्यांत शेवटी आले, पण आले. मंगलाष्टकं सुरू व्हायच्या आत दोन्ही गठ्ठे संपले.

शेठनी उरलेला माल दिवाळीपर्यंत ठेवू दिला. तो आम्ही आठवडी बाजारांत फिरून संपवला. रद्दीत एकही प्रत गेली नाही.

पुढे निवृत्त होईपर्यंत मी पुस्तकं सणांना बांधत राहिलो. नियम एकच पाळला: सण ज्यांचा आहे त्यांना आधी विचारायचं, हँडबिल नंतर.

तात्यांचे उपकार मी विसरणं शक्य नव्हतं. लगेच पुढच्या वर्षी पोळ्याला पेढे घेऊन मुद्दाम त्यांच्या गावी गेलो, तर ते वेशीतच भेटले. ते म्हणाले, "आभार ऱ्हाऊ द्या. तिकडं बघा."

साळवे न बोलावता आले होते. वेशीत उकिडवे बसून ते मानाच्या बैलाचा खूर तपासत होते, आणि बैलाचा मालक दावं धरून उभा होता.