बाटलीतले नमुने

शाळेत पीटी शिकवतो आणि रविवारी सायकल शर्यतींना पंच म्हणून उभा राहतो. आम्ही पंच चहाला बसलो की शर्यत कोण जिंकलं ते कुणाला आठवत नाही. डोपिंगमध्ये कोण सापडलं, ते मात्र सगळ्यांना पाठ! एकाने सुरू केलं की दुसऱ्याचा किस्सा तयारच.

*

धुळ्याची शर्यत. निम्मं अंतर झालं आणि बातमी पसरली, शेवटच्या रेषेवर डोप टेस्टवाले आलेत. पुढच्याच वळणावर अकरा जण पंक्चर! एकदम अकरा! वही काढून एकाला विचारलं, "कुठलं चाक रे?"

तो खाली न बघताच म्हणाला, "तुम्ही लिहाल ते, सर."

*

जळगावात आमचा एक रायडर जिममधून पावडर घ्यायचा. डब्यावर ना नाव, ना पत्ता. जिमवाल्याला गाठलं. "काय आहे यात?"

"बठ्ठं हर्बल शे, सर. सगळा झाडपाला."

"कुठलं झाड?"

तो विचारात पडला. "इम्पोर्टेड झाड शे."

*

लघवीचा नमुना देताना समोर माणूस उभा राहतो, नियमच आहे. असोद्याचा एक रायडर तीन तास बसला. सात बाटल्या पाणी प्यायला, थेंब नाही! शेवटी बाहेर ताटकळलेले त्याचे आबा आत घुसले.

"पोरगं लाजतंय हो. द्या इकडे बाटली, मी देतो. रक्त एकच शे ना!"

*

साठीपुढच्यांची शर्यत. पहिल्या आलेल्या नानांचा रिपोर्ट पॉझिटिव्ह! मी कपाळावर हात मारला. "नाना, या वयात?"

"मग कोणत्या वयात? तरण्या पोरांना गरजच काय!"

*

आणि साक्रीकडच्या डोंगरातली यशोदा. पोलीस भरतीत खेळाडूंच्या जागेसाठी तिला राज्यात पहिला नंबर हवा होता. अर्ध्या चाकाने दुसरी आली. पहिली आलेली मुलगी डोपिंगमध्ये सापडली, पण तो निकाल लावायला आमच्या लोकांना तीन वर्षं लागली. तीन वर्षं! कागद या टेबलावरून त्या टेबलावर.

शेवटी सुवर्णपदक घेऊन मीच तिच्या घरी गेलो. ती शेतातून निंदणी करून आली होती. ओले हात लुगड्याला पुसून तिने पदक घेतलं, उलटसुलट करून पाहिलं.

"सर, हाई भरतीले चाली का?"

चाललं असतं. पण वयाची अट तिने गेल्याच वर्षी ओलांडली होती. मी नकारार्थी मान हलवली.

वर माझ्या खिशात दुसरा कागद होता: आधीचे रौप्यपदक परत घ्यावे. "ताई, ते चांदीचं... जमा करावं लागेल."

ती पहिल्यांदा हसली. गोठ्याकडे बोट दाखवलं.

"बैलना गळामा शे. पोळाले बाबानी बांधं. मारका शे, सर. तुम्हीच काढी ल्या."